सोलापूरची कष्टकरी मुलं आणि शाळा: पार्श्वभूमी

गरीब घरातल्या मुलाला शिकवायचं कसं, हा प्रश्न सोलापूर शहरात गिरणीच्या भोंग्याबरोबरच उभा राहिला. १८७०च्या दशकात इथे कापडगिरणी निघाली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. १८८१च्या कारखाना कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. म्हणजे आठ वर्षांचं पोर कायद्याने कामगार! किमान वय १२ व्हायला १९२२ उजाडलं. सक्तीच्या शिक्षणाची वाट नगरपालिकांना १९१८च्या कायद्याने करून दिली होती, प्रांतभराचा मुंबई प्रांताचा कायदा मात्र १९२३चा.

गिरण्यांना मजूर पुरवणाऱ्या सेटलमेंटमधल्या, म्हणजे सरकारने काही जमातींना कुंपणात ठेवलेल्या वसाहतीतल्या, मुलांवर तर जन्मापासूनच ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का होता. हा शिक्का मारणारा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, पण वर्गात संशयाने बघणारी नजर लगेच गेली नाही.

गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी उरली. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत माणूस मागावर आणि बाई विडीवर, अशी घरं कितीतरी. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. पानं कापायला नाहीतर धाकट्याला सांभाळायला बहुतेक वेळा मुलगीच हाताशी असते. शिवाय ती घरी तेलुगू बोलते आणि पुस्तक मराठी. अशी मुलगी वर्गात गप्प बसली की तिला ‘ढ’ ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. दमणूक आणि परकी भाषा आधी ओळखायला हवी. अक्कलकोटकडे हाच पेच कन्नडचा आहे.

भुकेचा प्रश्न थोडा सुटला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. २००१ साली त्याने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची, म्हणजे फोनने टिपला की धडा ऐकू-बघू देणाऱ्या चौकोनाची, चर्चा जगभर झाली. पण तो कोड उघडायला घरात फोन लागतो, आणि तो मुलाच्या हाती मोकळा मिळावा लागतो.

१९८६च्या बालमजुरी कायद्याने विडीकाम धोक्याच्या यादीत घातलं, तरी कुटुंबासोबतच्या कामाला सूट ठेवली. २०१६च्या दुरुस्तीने धोक्याच्या कामातली ही सूट काढली, आणि २०१७ साली नव्या यादीत विडीकामही आलं. पण घराच्या चार भिंतींआड तपासायला कोण जाणार? म्हणून वाचनाचा, पाढ्यांचा सराव शाळेच्या वेळातच पुरा व्हायला हवा. गृहपाठ झाला नाही म्हणून या मुलांना उभं करणं तर आजच बंद करता येईल.