हायब्रिड वाहनातील ऊर्जा-नियंत्रण आणि ‘समतुल्य इंधना’चा गुंता

इंजिन आणि विद्युत मोटर एकाच गाडीत बसवण्याची कल्पना 1900 च्या सुमाराची आहे. मात्र प्रत्येक क्षणी कोणाकडून किती शक्ती घ्यायची, हा नियंत्रणशास्त्राचा प्रश्न बनला तो 1990 च्या दशकात. 1993 साली अमेरिकेत सरकार आणि मोटार उद्योगाने मिळून तिप्पट मायलेजचे उद्दिष्ट ठरवले आणि डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली हायब्रिड मोटार विक्रीला आली. त्या काळचे नियंत्रण मुख्यतः नियमांवर चाले: भार कमी असताना इंजिन बंद ठेवावे, बॅटरीची पातळी उतरली की ते सुरू करावे. हे नियम भरवशाचे होते, पण एका चालनचक्रासाठी (चाचणीसाठी ठरवलेल्या वेगाच्या चढ-उतारांसाठी) बसवलेले आकडे दुसऱ्या रस्त्यावर इंधन वाया घालवत. 1950 च्या दशकातल्या डायनॅमिक प्रोग्रामिंगने, म्हणजे टप्प्याटप्प्याने सर्वोत्तम निर्णय शोधणाऱ्या गणिती पद्धतीने, किमान इंधन किती लागेल हे काढता येई. मात्र त्यासाठी संपूर्ण प्रवास आधीच माहीत असावा लागे, म्हणून धावत्या गाडीत ते निरुपयोगी ठरून केवळ तुलनेचा मापदंड म्हणून उरले.

1990 च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या ‘समतुल्य इंधन-वापर किमान करण्या’च्या पद्धतीने ही कोंडी फोडली, आणि सर्वाधिक गैरसमजही याच संज्ञेभोवती साचले. बॅटरीतून घेतलेली वीज तिच्या बरोबरीच्या इंधनात मोजायची आणि प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष व समतुल्य इंधनाची बेरीज किमान ठेवायची, ही ती पद्धत. 1 किलोवॅट-तास म्हणजे 3.6 मेगाज्यूल, आणि निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने तेवढ्याला साधारण 84 ग्रॅम पेट्रोल पुरते. पण बॅटरीतून आज घेतलेली वीज उद्या इंजिनानेच भरून काढायची असेल, आणि इंजिनाची कार्यक्षमता 35 टक्के व जनित्राची 90 टक्के धरली, तर तिची खरी किंमत सुमारे 265 ग्रॅम होते. तीच भरपाई उतारावरच्या ब्रेकिंगमधून होणार असेल, तर किंमत शून्याजवळ येते. म्हणजे समतुल्यता-गुणांक (विजेला इंधनात बदलणारा आकडा) हा पदार्थाचा गुणधर्म नसून पुढच्या रस्त्याविषयीचा अंदाज आहे. तरीही अनेक मांडण्यांत तो स्थिरांकासारखा वापरला गेला, आणि चार्जिंग व डिस्चार्जिंगसाठी दोन वेगळे गुणांक घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे मानले गेले. हा गुणांक म्हणजे पोन्त्र्यागिन यांच्या किमान-तत्त्वातील (सर्वोत्तम नियंत्रण ठरवणाऱ्या गणिती नियमातील) सहचलाचेच, म्हणजे बॅटरीतल्या ऊर्जेचे त्या क्षणीचे मोल सांगणाऱ्या चलाचेच, रूप आहे, हे दाखवले गेल्यावर या पद्धतीला सैद्धांतिक पाया मिळाला, आणि बॅटरीच्या पातळीनुसार गुणांक सतत सुधारत राहणाऱ्या अनुकूली पद्धती 2000 च्या दशकात रूढ झाल्या.

प्लग-इन गाड्यांनी हा अर्थ पुन्हा ढवळला. भिंतीवरच्या सॉकेटमधून आलेली वीज गाडीच्या इंजिनाने बनवलेलीच नसते आणि प्रवासाअखेर बॅटरी पूर्वपातळीवर आणण्याचे बंधनही उरत नाही. तेव्हा ‘समतुल्य’ म्हणजे नेमके कशाच्या तुलनेत? आधी बॅटरी रिकामी करून मग इंजिन वापरावे की दोन्ही प्रवासभर मिसळावेत, हा वाद याच प्रश्नातून निघतो. प्रवास बॅटरीच्या पल्ल्याहून लांब असेल आणि रस्ता आधी माहीत असेल, तर मिश्रण सहसा इंधन वाचवते. म्हणूनच अलीकडचे काम नकाशे, चढ-उतार आणि रहदारीच्या माहितीवर चालणाऱ्या पूर्वानुमानी नियंत्रणाकडे व स्वयंशिक्षण पद्धतींकडे वळले आहे. मात्र शिकलेले नियंत्रण ज्या चालनचक्रांवर तयार झाले त्यांच्यावरच तपासले जाते, तेव्हा नियमांच्या काळातली जुनीच उणीव त्यात शिल्लक राहते, आणि या बाबीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.