"आंघोळ झाली काय रे?"

"रिपोर्टात विषाणू दिसत नाही म्हणतात, म्हणजे पोरगा बरा झाला. मग अजून गोळ्या कशाला?" गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गुहागरकडच्या एका घरात एका मावशींनी मला हे विचारलं. मुलगा 19 वर्षांचा, जन्मापासून एचआयव्ही असलेला. आईवडील गेल्यावर मावशींनीच वाढवलेला. कॉलेजात मी त्याला जीवशास्त्र शिकवलं, आणि हे त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.

व्हायरल लोडची चाचणी रक्तात मोकळे फिरणारे विषाणू मोजते. तिच्या पकडीत येण्याइतकेही ते उरले नाहीत आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या शेकडो जोडप्यांच्या अभ्यासाने हे 2019 पर्यंत पक्कं दाखवून दिलं. या मुलाला लग्नाची स्वप्नं बघता येतात ती याच आधारावर. पण विषाणूची जनुकं रोगप्रतिकारशक्तीच्या काही सीडी-फोर पेशींच्या डीएनएमध्ये शिवली गेलेली असतात, आणि त्या पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. हा साठा निम्मा व्हायलाच साडेतीन-पावणेचार वर्षं जातात. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू परत येतो.

परत आलेला विषाणू तोच असेल असंही नाही. मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटतो तो त्याचा लेखनिक, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर. आरएनएवरून, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुरावरून, डीएनए उतरवून काढणं हे त्याचं काम. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना लिहिलेलं पुन्हा तपासतात, चूक खोडतात. हा लेखनिक मागे वळून बघतच नाही. विषाणूचा मजकूर सुमारे 9,700 अक्षरांचा, आणि याची चूक साधारण 30,000 अक्षरांत एक. म्हणजे तीन प्रतींत एखादी चुकलेली. उपचार नसलेल्या शरीरात रोज 1,000 कोटींच्या आसपास नवे विषाणू तयार होतात. तेव्हा एका अक्षराचा जो जो बदल शक्य आहे, तो रोज कुठे ना कुठे होऊनच जातो.

'धरावे'चं 'मारावे' करणारी 'ध'चा 'मा'ची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इथे तसंच घडतं. हे विकर म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्या 184व्या जागी मेथिओनिन असतं, जनुकात त्याची अक्षरं एटीजी. ए च्या जागी जी पडला की झालं जीटीजी, आणि मेथिओनिनचं व्हॅलिन. लॅमिव्ह्युडिन हे औषध म्हणजे पुढून बंद असलेला खोटा मणी. तो ओवला की डीएनएची माळ तिथेच खुंटते. व्हॅलिन आलं की जागा आखडते, खोटा मणी बसत नाही, खरा बसतो. एका अक्षराने औषध जवळजवळ निकामी.

म्हणून एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रावीर. तिन्हींना एकदम चकवणारी प्रत निघणं फार अवघड, पण ते मुळात प्रती निघूच दिल्या नाहीत तरच. गोळ्यांत खंड पडत राहिला की औषध रक्तात असतं पण तुटपुंजं. प्रती निघतात, आणि औषधाला न जुमानणाऱ्या तेवढ्या टिकतात. डोल्युटेग्रावीर याबाबत खंबीर आहे, एखाद्या चुकलेल्या गोळीने डगमगत नाही. पण जन्मापासून लागण असलेल्या मुलांनी लहानपणी जुनी औषधं घेतलेली असतात, आणि त्या काळचे 'मा' झोपलेल्या पेशींत जपलेले असू शकतात.

या घरात एक काढाही आला होता, "एचआयव्ही मुळापासून जातो" म्हणून. आपल्या औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत, ज्या आजारांवर रामबाण असल्याचा दावा करायलाच बंदी आहे त्यांच्या यादीत, पहिलं नाव एड्सचं आहे. काढा विकणारा भेटला तर त्याला एवढंच विचारा: झोपलेल्या पेशीच्या डीएनएमधून तुझा काढा ती जनुकं उसवतो कशी?

आता गणपतीतलं घर डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून चाकरमानी आलेले, ओटीवर, पडवीत, माजघरात मिळून पंचवीस माणसं. गोळ्यांची डबी तांदळाच्या पिंपात, वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. "ही कसली गोळी रे?" असं चुलतभाऊ विचारील या धास्तीने त्याने सहा दिवस गोळी घेतली नाही. समुपदेशनात त्याला सगळं समजावलेलं होतं. वर लिहिलेलं बरंचसं त्याला तोंडपाठ आहे.

वाट काढली राजापूरकडच्या एका 22 वर्षांच्या मुलाने. त्यालाही जन्मापासूनच, ओळख झाली एआरटी केंद्राबाहेरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, बाकावर. "अरे, रात्रीच कशाला घेतोस? घरात कडी कुठल्या दाराला? न्हाणीघराच्या ना? मग पंच्याच्या गाठीत बांधून ने." तेव्हापासून रोज सकाळी सातला फोनवर निरोप येतो, "आंघोळ झाली काय रे?" कुणी वाचला तरी कुणाला काही कळत नाही.

अशा सोबतीचा परिणाम मोजलेला आहे. झिंबाब्वेत 'झ्वांदिरी' नावाचा कार्यक्रम चालतो. शोना भाषेत अर्थ 'मी आहे तसा'. तिथे 18 ते 24 वयाची, स्वतः एचआयव्हीसह जगणारी, प्रशिक्षण घेतलेली मुलं-मुली लहानांच्या घरी जातात, निरोप धाडतात. 16 दवाखान्यांतल्या 13 ते 19 वयाच्या मुलांवर केलेली चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. 96 आठवड्यांनंतर नेहमीच्या सेवेत 270 पैकी 97 जणांचा विषाणू आटोक्याबाहेर होता किंवा मृत्यू झाला होता. सोबती मिळालेल्यांत 209 पैकी 52. म्हणजे 36 टक्क्यांच्या जागी 25. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सर्व किशोरांना मानसिक-सामाजिक आधार मिळालाच पाहिजे असं म्हटलं आहे.

कोकणात हे वाढवायचं तर एक पथ्य पाळावं लागेल: सोबती त्याच गावचा नको. वाडीत भावकी एक, बातमी वहाळाच्या पाण्यासारखी धावते. एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई करतो, ते सोबत्यालाही शिकवावं लागेल. आणि त्याला मानधन हवं. राजापूरचा तो मुलगा आता आणखी चौघांना सकाळचा निरोप धाडतो, महिन्यातून एकदा एसटीने भेटायला जातो. तिकीट आणि रिचार्ज, दोन्ही स्वतःच्या खिशातून.