कोटावरची फीत कानात कशी आली

कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, ठुशी घ्यायला गेलात तर ती एकदा उलटी करून बघा. पुढून मणी दिसतात, मागे असतो सरकता दोर. गळा बारीक असो की भरलेला, ठुशी नीट बसते ती त्या दोरामुळे. साजाचंही तसंच. मासा, कासव, चंद्र, कमळ ही पानं आणि मधले जवमणी सोनाराने घडवायचे, ते गाठवायचे पटवेकऱ्याने. नाव सोनाराचं व्हायचं, कारण दोर दिसू न देणं हेच पटवेकऱ्याचं कसब.

माझी मावसबहीण शिवाजी पेठेत घरी बसून जे झुमके शिवते, त्यात नेमका दोरच पुढे येतो. त्या कामाला सुताश म्हणतात. नावात आपल्याला सूत ऐकू येतं, पण नातं काही नाही. शब्द फ्रेंच, आणि फ्रेंचांनी तो घेतला हंगेरियन 'शुयताश'वरून.

हंगेरीचे घोडेस्वार, म्हणजे हुसार, यांच्या आखूड कोटावर छातीभर याच सुताश फितीची नक्षी असे. हुसारांची पथकं युरोपभर गेली तशी ही फीतही गेली. लास्लो बेर्चेनी या हंगेरियन सरदाराने 1720 मध्ये फ्रान्ससाठी हुसारांचं पथक उभं केलं. इंग्रजांनी आपल्या काही हलक्या घोडदळांना 1806-07 च्या सुमारास हुसार बनवलं, पोशाखासकट. एकोणिसाव्या शतकात ही फीत बायकांच्या जाकिटांवर आणि झग्यांवर उतरली. लग्नातल्या बँडवाल्यांच्या लाल कोटावर छातीवर आडव्या फिती असतात ना, तो थाट याच लष्करी घराण्यातला. वरातीत नाचताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि येऊही नये.

कोटावरच का, तर फितीची घडणच तशी. दोन बारीक दोर शेजारीशेजारी ठेवून त्यांच्याभोवती रेशमाचा किंवा रेयॉनचा धागा इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा विणत नेतात. रुंदी साधारण 3 मिलिमीटर. मधोमध एक चर राहते, टाका त्या चरीत घातला की बुडून जातो. शिवाय आतल्या दोनपैकी एकच दोर ओढला की फीत आपोआप त्या बाजूला वळते. शिंप्याला वेलबुट्टी काढायला आणखी काय हवं?

दागिन्यात मात्र कापडच वगळलं. फीत आडवी न टाचता काठावर उभी करायची, तीन-चार रंगांच्या फिती एकीला एक लावून चरींमधून आरपार शिवायच्या आणि मण्याभोवती वळवत न्यायच्या. टोकं मागे दुमडून त्यावर पातळ चामड्याचं किंवा फेल्टचं अस्तर. असे दागिने नावारूपाला आणले ते मुख्यतः इस्रायलमधल्या एका कापड-डिझायनर बाईंनी. त्यांचं नाव दोरी चेंगेरी. खरंच दोरी! पुढे पोलंडमध्ये हौशी बायकांनी हे काम एवढं उचललं की 'सुताश' हा तिथे घरगुती शब्द झाला.

आपल्याकडे दोराचं काम काही नवं नाही. काश्मिरी फिरनवर दोरी टाचतात, पोत रेशमात गाठवतात, आणि गोफ हा शब्द तर आपण विणलेल्या दोरालाही वापरतो नि सोन्याच्या दागिन्यालाही. तरी बहिणीला पहिले झुमके जमायला महिना लागला. डावा-उजवा सारखा येईना. फीत जास्त ओढली की रेयॉनचा धागा उसवायचा, आणि उसवलेली फीत परत जुळत नाही, तेवढा तुकडा फेकावाच लागतो.

झुमके तयार झाल्यावर मावशीने ते तळहातावर तोलले. पिसासारखे हलके. तिने पहिला प्रश्न विचारला तो कोल्हापुरात कुठल्याही दागिन्याला विचारतात तोच: "याची मोड किती येते गं?"

"काही नाही," बहीण म्हणाली, आणि दुसऱ्या जोडाची फीत कापायला घेतली.