न्यू ऑर्लिन्स वादळाला इतकं का घाबरतं?

मेक्सिकोच्या आखातात हरिकेन तयार झालं की लुइझियानातल्या या शहरात पाणी, बॅटऱ्या आणि पेट्रोलसाठी रांगा लागतात. वाऱ्याचं भय आहेच, पण खरी धास्ती पायाखालच्या जमिनीची.

१७१८ मध्ये फ्रेंचांनी मिसिसिपीच्या काठावरची त्यातल्या त्यात उंच जागा पाहून वस्ती केली. मागे, पाँचरट्रेन सरोवराकडे, सगळी दलदल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्डविन वूड या अभियंत्याचे अजस्र पंप आले, दलदल उपसली गेली आणि तिथे घरं उठली. ओल गेलेली ती भुसभुशीत माती मात्र बसत गेली. आज निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाऊससुद्धा पंपानेच उपसावा लागतो!

१९६५ च्या ‘बेट्सी’ वादळात शहराचा लोअर नाइन्थ वॉर्ड हा भाग बुडाला. माणसं जीव वाचवायला माळ्यावर चढली आणि तिथेच अडकली. तेव्हापासून माळ्यावर कुऱ्हाड ठेवायची, छप्पर फोडायला, असा रिवाजच पडला. शहराला पुरापासून वाचवणाऱ्या बंधाऱ्यांचं काम अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे गेलं. चाळीस वर्षांनीही ते अपुरंच होतं.

२९ ऑगस्ट २००५ ला ‘कॅटरिना’ आलं. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच सरकली, कारण खालची मऊ माती सुटली. ऐंशी टक्के शहर पाण्यात गेलं. वादळातले एकूण बळी १,८००हून अधिक मानले जात. फेरमोजणीत आकडा १,३९२ वर आला. याला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणणं म्हणजे भिंती बांधणाऱ्यांना मोकळं सोडणं.

म्हणूनच २००८ मध्ये ‘गुस्ताव’ येताना शहर जवळपास रिकामं झालं. गाडी नसलेल्यांना बस-रेल्वेने बाहेर काढलं. लाटा भिंतींवरून उसळल्या, पण भिंती टिकल्या.

पुढे सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर ओतून पुराचं पाणी अडवणारे नवे दरवाजे, पंप आणि पूर्वेला जवळपास तीन किलोमीटरचा अडथळा उभा राहिला. २०२१ च्या ‘आयडा’त शहराचे बंधारे तगले, कोलमडली ती वीज. शहराला वीज आणणाऱ्या आठही वाहिन्या बंद पडल्या आणि वादळ ओसरल्यावर उकाड्याने म्हातारी माणसं दगावली. शिवाय वादळ इतक्या झपाट्याने बळावलं की सगळं शहर हलवायला वेळच उरला नव्हता.

नवे बंधारेही त्याच मऊ मातीवर उभे आहेत आणि हळूहळू खचताहेत, त्यामुळे त्यांची उंची वेळोवेळी वाढवावी लागते.