पायमशीन (कोल्हापूर परिसर)

पायडल मारून चालवायचे शिवणयंत्र. कोल्हापूर आणि भोवतालच्या गावांत नुसते ‘मशीन’ म्हटले तरी जुन्या घरांतून अजून हेच यंत्र डोळ्यांपुढे येते. काळे डोके, त्यावरची झिजत आलेली सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचा जाळीदार स्टँड आणि बाजूला लाकडी खण.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, याबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये तिमोनिए याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३२ ते १८३४ च्या सुमारास दोन दोऱ्यांचा टाका साधला, पण पेटंट घेतले नाही. ते १८४६ मध्ये एलायस हाउ याला मिळाले. हाउच्या यंत्रात सुई आडवी चाले आणि कापड उभे टांगावे लागे. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये सुई उभी केली, कापड सपाट फळीवर आणले आणि पायडल रूढ केले. कापड पुढे सरकवणारे दाते ॲलन विल्सनचे. त्यामुळे टाका हाउचा, सांगाडा सिंगरचा आणि चाल विल्सनची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, असे त्यांनी सांगितले होते. कथा गोड आहे. मात्र बायकोच्या शिवणकामावर घर चालल्याची हकीकत हाउच्या चरित्रात येते, सिंगरच्या नव्हे.

भारतात सिंगर यंत्रे साधारण १८७० च्या दशकापासून येऊ लागली. नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी येथील कारभार दीर्घकाळ सांभाळला. मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. बिडाचा स्टँड बैलगाडीतून घाट ओलांडून येण्यापेक्षा रेल्वेने येणे सोपे, हे लक्षात घेता करवीरात पायमशिनीचा खरा प्रसार त्यानंतरचा असावा. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातली.

घरातले यंत्र नेमके कधीचे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सिंगरच्या डोक्यावर क्रमांक कोरलेला असतो. १९०० पूर्वी नुसते आकडे असत, पुढे आधी अक्षर येऊ लागले. ‘एफ’ किंवा ‘वाय’ असल्यास यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे, ‘जी’ असल्यास अमेरिकेतील एलिझाबेथचे. मात्र त्यावरून क्रमांकांचा तो गट कारखान्याला कधी नेमून दिला एवढेच कळते, यंत्र कधी विकले गेले ते नाही. शिवाय डोके एका काळातले आणि स्टँड दुसऱ्या, असेही आढळते. ‘आजीच्या लग्नात आलेली’ ही घरातली आठवण यंत्राच्या जन्माला पुरावा ठरत नाही, पण ते उंबऱ्याच्या आत कधी आले याला तिच्याइतका भरवशाचा दुसरा पुरावा नाही.

पायडलची हालचाल दांडीने खालच्या मोठ्या चाकाला आणि चामडी पट्ट्याने वरच्या लहान चाकाला मिळते. वरचे चाक शिवणाऱ्याच्या अंगाकडे फिरले पाहिजे. उलटे फिरले की खाली दोऱ्याचा गुंता झालाच. म्हणून नवशिक्या मुलीला आधी दोरा न ओवता कागदावर मशीन चालवायला बसवत. सुईच्या भोकांची रेघ सरळ आली की मगच कापड हाती मिळे. जुन्या यंत्रांत खालचा दोरा होडीसारख्या लांबट शटलमधून येई, म्हणजे विणकराच्या धोट्याचेच हे छोटे रूप. नंतरच्या यंत्रांत गोल बॉबीन आली. भारतीय काळी यंत्रे बहुतांशी सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या घडणीची असल्याने सुई आणि बॉबीन आजही सहज मिळते. कोल्हापूरच्या पावसात चामडी पट्टा सैल पडतो. तेव्हा तो बोटभर कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा लागतो. बीड तडकले तर काम नाजूक. पण उद्यमनगरासारखी ओतकामाची जाणती वस्ती गावातच असल्याने येथले लोक स्टँड सहसा भंगारात काढत नाहीत.

परकर-पोलकी, खणाच्या चोळ्या, झबली, तालमीतल्या पोरांचे लंगोट असे नेहमीचे शिवण या यंत्रावर होई. वाकळ, म्हणजे गोधडी, मात्र हातानेच घालायची. मशीनच्या टिपेने ती ताठ होते आणि अंगाला बिलगत नाही, असे जाणत्या बायका सांगत आणि ते खरे आहे.

खंडेनवमीला मशीन पुसून तेल देतात, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी पायडलला पाय लावत नाहीत. खणात बहुधा शिवणखडूचा तुकडा, मेणाची वडी, विजोड बटणे आणि लांब नळीची तेलाची कुपी सापडते. त्या तेलाचा वास लाकडात इतका मुरतो की मशीन वर्षानुवर्षे बंद असले तरी खण ओढताच तो येतो.