टेबल किंवा कॉलम न सापडणे: रिलेशनल डेटाबेसमधील एरर

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या क्वेरीतले (मागणीतले) टेबलाचे किंवा कॉलमचे नाव डेटाबेसला न ओळखता आल्याने येणारी एरर. टेबलासाठी आणि कॉलमसाठी तिचे क्रमांक वेगळे असतात, आणि ते डेटाबेसच्या सॉफ्टवेअरनुसारही बदलतात: ओरॅकलमध्ये ओआरए-००९४२ व ओआरए-००९०४, मायएसक्यूएलमध्ये ११४६ व १०५४, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०८ व २०७. ‘असे टेबल नाही’ हा संदेश मात्र शब्दशः घेऊ नये. टेबल बहुधा जागेवरच असते. डेटाबेस ते दुसऱ्या नावाने किंवा भलत्याच ठिकाणी शोधत असतो.

स्पेलिंगची चूक सोडली, तर पहिला संशय कॅपिटल-स्मॉल अक्षरांवर घ्यावा. अवतरणचिन्हे नसलेले नाव ओरॅकल कॅपिटलमध्ये बदलून घेतो, पोस्टग्रेस हा डेटाबेस स्मॉलमध्ये. दुहेरी अवतरणांतले नाव दोघेही जसेच्या तसे ठेवतात. म्हणून एखाद्या टूलने पोस्टग्रेसमध्ये कॅपिटल आद्याक्षराचे टेबल अवतरणे देऊन बनवले, की पुढे प्रत्येक क्वेरीत अवतरणे देत बसावे लागते. नावे सगळी स्मॉल ठेवणेच शहाणपणाचे. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावाचा हा प्रश्न फाइल सिस्टिमवर अवलंबून असतो. विंडोज कॅपिटल-स्मॉल वेगळे मानत नाही, लिनक्स मानतो; म्हणून विंडोजवर बिनतक्रार चाललेली क्वेरी लिनक्स सर्व्हरवर गेल्यावर ११४६ देते. कॉलमच्या नावांना तिथे हा फरक लागू नाही.

नाव अचूक असेल, तर कनेक्शन कोणत्या डेटाबेसला आणि कोणत्या स्कीमाला (डेटाबेसच्या आतल्या टेबलांच्या गटाला) जोडले आहे ते पाहावे. ओरॅकल तर टेबल वाचायची परवानगी नसली तरी ००९४२च दाखवतो. ‘ऑर्डर’, ‘ग्रुप’ यांसारखे राखीव शब्द नाव म्हणून वापरल्यास बहुधा सिंटॅक्स एरर (क्वेरीच्या रचनेची चूक) येते. सिलेक्टमध्ये (कोणते कॉलम हवेत ते सांगणाऱ्या भागात) दिलेला अलायस, म्हणजे पर्यायी नाव, वेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) चालत नाही, कारण वेअरचे काम आधी होते.

एरर न येणे हा याहून वाईट प्रकार. सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीत, लिहिलेला कॉलम आतल्या टेबलात नसेल, तर डेटाबेस तो बाहेरच्या टेबलात शोधतो. समजा, ‘ग्राहक’ टेबलातून काही ओळी डिलीट करायच्या आहेत आणि त्यांचा ‘ग्राहक_क्र’ ज्या यादीत हवा त्या ‘इन’च्या सबक्वेरीत ‘जुने’ टेबलातून ‘ग्राहक_क्र’ निवडला आहे. ‘जुने’मध्ये तो कॉलम नुसता ‘क्र’ नावाने असेल, तर ‘ग्राहक_क्र’ बाहेरच्या टेबलातला धरला जातो. प्रत्येक ओळ स्वतःशीच जुळते, आणि ‘जुने’मध्ये एक जरी नोंद असली तरी ज्यांचा ‘ग्राहक_क्र’ नल (रिकामा) नाही अशा सगळ्या ओळी उडतात. सबक्वेरीत ‘जुने.ग्राहक_क्र’ असे टेबलासह लिहिले, तर हीच चूक डिलीट होण्याआधी एरर म्हणून समोर येते.