जव पठारावर पोहोचला तेव्हा

तिबेटच्या पठारावर शेतकरी कधी चढले, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे जुन्या चुलींजवळच्या मातीत सापडणारे काळे दाणे. धान्य पूर्ण जळलं तर राखच होते. पण अर्धवट जळून कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं कुजत नाही. उत्खननातली माती पाण्यात ढवळली की असे दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात आणि कार्बन-१४ पद्धतीनं त्यांचं वय काढतात. वय दाण्याचंच काढलेलं बरं; शेजारच्या कोळशाचं लाकूड त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.

फाहू चेन आणि सहकाऱ्यांनी पठाराच्या ईशान्य भागातल्या ५३ स्थळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मते तिथली पहिली गावं सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी वसली, पण साधारण २,५०० मीटरच्या खालीच. या लोकांचं पीक होतं राळे आणि त्यासारखी उत्तर चीनमधली बारीक धान्यं. त्यांना ऊबदार उन्हाळा लागतो. वेळेआधी पडलेलं दहिवर गोठलं की पीक गेलं. पुढची दीड हजार वर्षं शेती त्याच उंचीवर अडून राहिली.

सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीपासून मात्र ३,००० मीटरच्या वरही वस्त्या दिसू लागतात. आता मातीत जव सापडतो, जोडीला गहू आणि मेंढ्यांची हाडं. तिन्ही मूळचे पश्चिम आशियातले, हजारो किलोमीटरवरून हातोहात आलेले. जव थंडी सोसतो आणि छोट्या उन्हाळ्यात पिकतो. जिथं नांगर चालत नाही तिथलं गवत मेंढी खाते आणि माणसाला मांस, लोकर व जळणासाठी लेंड्या देते.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की त्या काळात हवामान थंड होत चाललं होतं. ऊब वाढली म्हणून शेती वर सरकली, हे सोपं स्पष्टीकरण इथं लागू पडत नाही.

माणूस त्याआधीही उंचावर होताच. न्व्या देवू इथं ४,६०० मीटरवर ३० हजार वर्षांहून जुनी दगडी हत्यारं मिळाली आहेत. चुसांगच्या गरम झऱ्याकाठी, ४,२७० मीटरवर, कधीकाळच्या मऊ चिखलात उमटलेले हातापायांचे ठसे आहेत. ते किमान ७,४०० वर्षं जुने असून तिथले लोक शेतीविना बारमाही राहत असावेत, असं २०१७ च्या एका अभ्यासाचं म्हणणं आहे. त्यामुळे जवाचं श्रेय मोजूनच द्यावं: त्यानं उंचावर गावं वसवणं शक्य केलं, पहिलं पाऊल त्याचं नव्हे.

पूर्व तिबेटमधल्या कारुओचं कोडंही आहेच. सुमारे ३,१०० मीटरवरच्या या गावात जव येण्याआधीच्या थरांत राळ्याचे दाणे निघाले. ते तिथंच पिकले की खालच्या खोऱ्यांतून आणले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा वेळी नुसता दाणा पुरत नाही. मळणीत उडालेलं तूस आणि पिकातल्या तणांचं बी सापडलं, तर शेत जवळच होतं असं म्हणता येतं.